फळीवरचं पिवळं

गोदावरी लातूरला आली ती नाराजीनंच. जन्म नांदेडचा, आजोळ अर्धापूरचं. एकीकडे नदी, दुसरीकडे केळीच्या बागा. ओल्या मातीत पाय रुतवतच ती मोठी झालेली. नवऱ्याला, श्रीपादरावांना, बढती मिळाली आणि नव्या जिल्ह्याच्या कोषागारात त्यांची बदली झाली, तेव्हा नात्यागोत्यातल्या सगळ्यांनी पेढे खाल्ले. हिनं मात्र ट्रंका भरता भरता परसातल्या कर्दळीकडे बघून डोळे पुसले.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. कचेऱ्या अजून भाड्याच्या घरांतून भरत होत्या. कुणाच्या माडीवर एक खातं, कुणाच्या गोदामात दुसरं, आणि दारावरच्या पाट्यांना रंगाचा वास. साहेब आले, कारकून आले, शिपाई आले, त्यांची बिऱ्हाडं आली. गाव माणसांनी फुगलं, पण पाणी होतं तेवढंच राहिलं, आणि मग तेही राहिना. पाऊस सलग रुसला. नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक, आणि टँकर आला की गल्लीत घागरींची अशी आदळआपट व्हायची की भांडणाचे शब्दसुद्धा ऐकू येऊ नयेत.

त्यांचे घरमालक गुरुपादप्पा. गंजगोलाईत त्यांचं डाळीचं आणि गुळाचं दुकान होतं. माणूस शांत, सकाळी कपाळाला विभूती लावून, लिंगपूजा आटोपून जो जायचा तो दुपारच्या जेवणालाच उगवायचा. घराचा सगळा कारभार त्यांच्या बायकोकडे, नीलम्माकडे. नीलम्मा मनानं वाईट नव्हती, पण पाण्याच्या बाबतीत सावकारीण होती.

"वैनी, भांडे दोनदा का धुऊन राहिल्या?" ती अंगणातूनच विचारायची. "राखंनं घासा अन् एकदाच धुवा."

"बरं, अक्का," गोदावरी म्हणायची. ती भांडी एकदाच धुवायला लागली, पण एक खोड तिनं सोडली नाही. आंघोळीचं पाणी ती न्हाणीच्या तोंडाशी बादलीत धरायची आणि परसाच्या दक्षिण कोपऱ्यात लावलेल्या अळवाला आणि मोगऱ्याला घालायची. नीलम्माला ती चैन वाटायची. बोलायची नाही, पण बादलीकडे बघायची, आणि ते बघणं गोदावरीला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

नीलम्माच्या कडकपणाला एक कारण होतं. तिची लेक दानम्मा उदगीरला दिलेली, पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी यायची म्हणून वाट बघत होती. आणि नीलम्मानं उदगीरहून आलेल्या माणसाकडे निरोप धाडला होता, की बाई, तू तिथंच राहा. "घरात पानी न्हाई. बाळंतीन आनून काय करू? तिचं न्हानं, लेकराचं न्हानं, कपडे. कशानं करू?" हे सांगताना तिचा आवाज रोजचाच होता, पण त्या दिवशी तिनं जेवताना भाकरीचा अर्धा भाग तसाच ठेवला, हे गोदावरीनं पाहिलं.

एका सकाळी गोदावरी चुलीसाठी तुराट्या आणायला परसात गेली. उत्तरेच्या भिंतीला तुराट्यांचा छातीएवढा ढीग होता, आणि त्याच्या बुडाशी कसल्याशा जुन्या जाड फळ्या. एका फळीचं टोक ढिगातून बाहेर आलेलं होतं. त्या टोकावर ते बसलं होतं.

पिवळं. हळदीपेक्षा उजळ. फेटलेलं बेसन परातीत फुगून यावं तसं वर आलेलं, आणि कडेला त्याच्या शिरा फुटलेल्या. आधी जाड, मग बारीक, मग दोऱ्यासारख्या, जाळी करत करत लाकडात विरून गेलेल्या. आजूबाजूला सगळं परस भाजलेल्या तव्यासारखं पडलेलं, आणि मधेच हा रंग. गोदावरी तिथंच उकिडवी बसली. बोट लावलं तर ते थंडगार आणि ओलं लागलं. तिनं बोट काढून घेतलं, आणि मग पुन्हा लावलं.

आजोबांच्या बागेत केळीचे कापलेले खांब कुजत पडायचे, त्यांच्यावर लहानपणी असलंच काहीतरी तिनं पाहिलं होतं. आज दिसायचं, उद्या नाहीसं व्हायचं. तेव्हा कुणाला विचारायचं सुचलं नव्हतं.

"काय हाय वो तिथं?" शेजारच्या पंचफुलेनं भिंतीवरून डोकं काढलं. गल्लीत काय चाललंय हे गल्लीच्या आधी तिला कळायचं. तिनं नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हळद टाकली कुनी तरी. परवा अमुशा झाली न्हवं? नीलम्माला बलवा."

नीलम्मा आली. तिनं ते पिवळं पाहिलं, पंचफुलेचं तोंड पाहिलं, आणि तिचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला.

"लेकराचं घर हाय हे," ती म्हणाली. "पोटुशी हाय माजी पोर. आमचं कुनी काय वाकडं केलं?"

"लोकांच्या पोटात काय राहातंय, कुनाला दिसतंय?" पंचफुला म्हणाली.

"रॉकेल आनते. जाळूनच टाकते."

गोदावरी उठून आडवी आली. करणी आहे की नाही यावर वाद घालायची ही वेळ नव्हती, हे तिला कळत होतं. ती एवढंच म्हणाली, "अक्का, तुराट्यांच्या ढिगाला काडी लावली तर गल्ली जाईल. विझवायला पाणी कुठलं आणायचं?"

नीलम्मा थांबली. पाण्याचा हिशोब तिला लगेच पटायचा.

"मंग काय करू?"

"उद्यापर्यंत राहू द्या. कुणी टाकलेली हळद असेल तर उन्हानं वाळेल. मी बघते तिच्याकडे. तुम्ही हात लावू नका."

"अन् तुमी लावला त्याचं?"

"मला काही झालं तर मग जाळा," गोदावरी म्हणाली. पंचफुलेला हे फारसं आवडलं नाही. करणी म्हटल्यावर माणसानं जरा तरी घाबरावं, अशी तिची अपेक्षा होती.

दुसऱ्या दिवशी गोदावरी दूध तापवायच्या आधीच परसात गेली. फळीचं टोक रिकामं होतं. कालच्या जागी फक्त वाळलेल्या चकाकत्या रेघा, गोगलगाय गेल्यावर राहतात तशा. आणि ते पिवळं हातभर आत सरकून, दुसऱ्या फळीच्या कडेवर चढून बसलेलं. काल पसरट होतं, आज पंख्यासारखं झालं होतं. पुढची कड फुगीर, मागं शिरांचा झुपका.

तिनं हाक मारली तशी नीलम्मा दारातच उभी राहिली. "सरकलं?"

"सरकलं. या ना, बघा. चावत नाही ते."

नीलम्मा पदर तोंडाला लावून आली. गोदावरीनं चुलीतला कोळसा आणला आणि पिवळ्याच्या पुढच्या कडेला लागून फळीवर एक रेघ ओढली. मग दोघी तिथंच बसल्या. नीलम्मानं सुपात डाळ आणली आणि निवडत बसली. नुसतं बसणं तिला जमायचं नाही. ती मधूनमधून रेघेकडे बघायची. बघता बघता डाळ निवडून झाली, उन्हं भिंतीवरून खाली आली, आणि पिवळ्यानं काळी रेघ गिळून टाकली. कुणाच्या डोळ्यादेखत काही हललं नव्हतं, पण रेघ आता दिसत नव्हती.

"चालतंय की वो हे," नीलम्मा म्हणाली. आवाजात भीती होती, पण कालच्याएवढी नव्हती. "पाय न्हाईत, तोंड न्हाई. जित्तं हाय?"

"जितंच असणार. करणी असती तर तुमच्या दाराकडे आली असती. हे उलट्या दिशेनं चाललंय."

हे नीलम्माला बरंचसं पटलं. तिनं पदर तोंडावरचा काढला.

गोदावरीच्या डोक्यात मात्र सकाळपासून दुसराच किडा वळवळत होता. ते ओलं होतं. काल ओलं होतं, आज ओलं होतं, आणि ज्या बाजूला चाललं होतं तिकडची लाकडं हाताला गार लागत होती. तिनं तुराट्यांत हात खुपसून पाहिला. वरच्या तुराट्या कडकडीत, खालच्या मऊ, आणि अगदी खालून गार दमट हवा हाताच्या तळव्याला लागली. अर्धापूरच्या बागेतली सकाळ तिच्या अंगावरून गेली.

"अक्का, या फळ्यांखाली काय आहे?"

"खाली? आड हाय."

"आड?"

"कोरडा हाय तो. बाहात्तरच्या दुष्काळात आटला. लेकरं पडतील म्हनून मालकानं फळ्या टाकल्या. मंग नळ आला. कोन बघतंय आडाकडं?"

गोदावरीनं तुराट्या पुन्हा सारख्या करून ठेवल्या. आपण बोललो आणि खोटं ठरलो तर, असं तिला वाटलं. ह्या बाईच्या मनात पाण्याची आशा लावायची आणि मग ती कोरडीच निघायची, यापेक्षा वाईट काय?

दुपारी गुरुपादप्पा जेवायला आले तेव्हा मात्र तिच्यानं राहवलं नाही. ते हात धुऊन पाटावर बसायच्या आत तिनं त्यांना परसात बोलावलं. त्यांनी पिवळं पाहिलं, वाकून वास घेतला. डाळी-गुळाच्या धंद्यात बुरशीचे सगळे प्रकार त्यांच्या नाकाखालून गेलेले.

"ही आपल्या वळखीतली न्हाई," ते म्हणाले. "खरडून टाका."

"अप्पा, ओलीशिवाय हे जगत नाही. ही ओल कुठून येते?"

"तुमच्या आंगुळीच्या पान्याची आसंल."

"माझं पाणी त्या कोपऱ्यात जातं. इथं थेंब पडत नाही."

गुरुपादप्पांनी दक्षिणेच्या कोपऱ्यातलं अळू पाहिलं, मग ढीग पाहिला. जेवण तसंच राहिलं. त्यांनी कडेच्या तुराट्या हातानं ओढून काढल्या, दोन फळ्यांमधली फट मोकळी केली, आणि जमिनीवरचा एक खडा उचलून तिच्यातून आत सोडला.

तिघंही फटीवर वाकले. बराच वेळ काही आलं नाही. मग खालून, दुरून, आवाज आला. डुबुक.

नीलम्मानं नवऱ्याच्या हाताला धरलं. "आजून एक टाका," ती म्हणाली.

त्यांनी टाकला. पुन्हा तोच आवाज.

"बाहात्तरनंतर पाऊस झालेच की," गुरुपादप्पा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "भरला असंल परत. आपन झाकन उघडून बघितलंच न्हाई."

ते त्या दिवशी जेवून दुकानात गेले ते दोन हमाल घेऊनच परत आले. तुराट्या हलल्या, आणि मग फळ्या एकेक करून उचलायची वेळ आली. गोदावरी म्हणाली, "आपटू नका. उलट्या करून सावलीत ठेवा." हमालांनी एकमेकांकडे पाहिलं, पण ठेवल्या.

पहिली फळी उलटी झाली आणि नीलम्मा "अग्गं बाई" म्हणून खालीच बसली.

फळीची खालची बाजू काळीभोर ओली होती, आणि तिच्यावर एक जत्रा भरली होती. एका ठिकाणी नुसत्या पिवळ्या शिरा, पिंपळाचं पान कुजून जाळी राहावी तशा. त्यांच्याशेजारी गुलाबी गोळ्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या; एक फुटली होती तिच्यातून गुलाबी खीर आलेली. पलीकडे तपकिरी तुरे, केसाएवढ्या काळ्या देठांवर उभे, मोरपिसातलं एकेक पीस सोडवून लावावं तसे. आणि अगदी कडेला, डोळा जवळ नेल्याशिवाय दिसू नयेत असे निळे मणी, मोहरीपेक्षाही लहान. मान हलवली की निळ्याचे जांभळे होत, जांभळ्याचे हिरवे.

हमाल, मालक, दोघी बायका, आणि भिंतीवरून पंचफुला, सगळे वाकून बघत राहिले. आड उघडा पडला होता आणि त्याच्याकडे क्षणभर कुणाचं लक्ष नव्हतं.

मग गुरुपादप्पांनी दोरीला बादली बांधून सोडली. पाणी आलं. गढूळ, उग्र वासाचं, पण पाणी.

संध्याकाळी श्रीपादराव घरी आले तेव्हा परसात अर्धी गल्ली होती. त्यांना आधी वाटलं कुणी आडात पडलं. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "आमच्या कचेरीशेजारी अनंतराव राहतात, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. त्यांना सांगू का?"

"सांगा," गोदावरी म्हणाली. "याचं नाव तरी कळेल."

अनंतराव दुसऱ्या दिवशी सायकलवर आले. उंच, किडकिडीत, बोटांना खडूची पूड. त्यांनी फळ्या पाहिल्या आणि पांढऱ्या स्वच्छ पँटनिशी मातीत गुडघे टेकले. खिशातून भिंग काढलं आणि एकेक फळी या कडेपासून त्या कडेपर्यंत बघत गेले. नीलम्मानं चहा आणून ठेवला, त्याच्यावर साय धरली.

"इतकी वर्षं वर्गात मी याचं चित्र काढतोय," शेवटी ते म्हणाले. "खडूनं. जिवंत आज बघितलं." आणि त्यांनी हसत डोळे पुसले, मातीचाच हात लावून.

"काय म्हनतात ह्याला?" नीलम्मानं विचारलं.

"श्लेष्मकवक."

"म्हंजे?"

अनंतराव जरा अडखळले. "श्लेष्म म्हणजे... शेंबूड. शेंबडासारखी बुरशी."

"एवढ्या देखन्या जिनसाला असलं नाव?" नीलम्माला ते मुळीच आवडलं नाही.

"नाव ठेवलं, पण ती बुरशीसुद्धा नाही. झाड नाही, प्राणी नाही. पूर्वी बुरशीत धरायचे, आता तिथूनही काढलंय."

"मंग आमच्या लातूरवानीच झालं," ती म्हणाली. "उस्मानाबादेतनं काढलं, अन् आता पाटी कुठं लावायची ते हुडकून राहिले."

श्रीपादराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. नव्या कोषागारातल्या कुणालाही हे इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

"हे खातंय काय?" नीलम्माचं समाधान अजून झालं नव्हतं.

"कुजक्या लाकडावर जे बारीक जीव असतात ना, डोळ्यांना न दिसणारे, ते. कोरडं पडलं की हे आकसून झोपतं. वर्षानुवर्षं झोपू शकतं. ओल लागली की उठून चालायला लागतं."

नीलम्मानं मान हलवली. "गरीब हाय मंग. कुनाचं काय घेत न्हाई." आणि भिंतीकडे बघून जरा मोठ्यानं म्हणाली, "ऐकलं का पंचफुला?"

पंचफुलेनं ऐकलं होतं. तोवर तिनं आपली घागर आडाच्या कडेला आणूनही ठेवली होती.

आड उपसला, गाळ काढला, नगरपालिकेच्या माणसानं येऊन औषध टाकलं. पाणी मचूळच राहिलं, डाळ त्यात शिजेना, पिण्याला टँकरच. पण न्हाण्याला, धुण्याला, भांड्यांना ते पुरत होतं, आणि गल्लीतल्या चार घरांनाही पुरत होतं. गुरुपादप्पांनी रहाट बसवला. नीलम्मा रहाटाशी उभी राहून कुणी किती न्यायचं ते ठरवायची, पण आता तिच्या बोलण्यातली धार गेली होती. गोदावरीच्या बादलीकडे ती बघेनाशी झाली. एके दिवशी तर तिनं स्वतःच दोन पोहरे ओढले आणि अळवाला घातले.

"पानं वड्यांना आली की सांगा," ती म्हणाली. "बेसन माजं."

आणि उदगीरला दुसरा निरोप गेला. दानम्मा आली, सावकाश पावलं टाकत, सोबत सासूनं दिलेलं डबाभर तूप. माहेरच्या परसात आड उघडा आणि सावलीत ओळीनं मांडलेल्या कुजक्या फळ्या बघून तिला काही कळेना. गोदावरीनं तिला खुर्ची आणून दिली, अनंतरावांनी मागं ठेवलेलं भिंग हातात दिलं, आणि निळे मणी कुठं बघायचे ते दाखवलं. त्यानंतर दुपारच्या वेळी दानम्मा कुठं आहे, हे घरात कुणाला विचारावं लागलं नाही.

ते पहिलं पिवळं मात्र टिकलं नाही. फळीवरून तुराटीवर चढून उजेडात गेलं, तिथं त्याचा पापुद्रा झाला, पापुद्रा फिक्कट पडला, आणि एका सकाळी बोट लावल्यावर त्यातून काळसर जांभळी भुकटी उडाली. गोदावरीला जरा चुटपुट लागली. अनंतरावांनी सांगितलं होतं की ही भुकटी म्हणजे त्याचं बी, वाऱ्यानं जाईल तिथं जाईल. तिनं तुराटी उचलून अळवाच्या कोपऱ्यात खोचून ठेवली. उगवेल, न उगवेल. नांदेडच्या परसाची आठवण तिला आताशा कमीच यायची, हे तिच्या लक्षात आलं, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

आडाला कठडा बांधायला गवंडी आला, तेव्हा त्यानं फळ्यांवर डोळा ठेवला. सगळ्या कुजक्या आहेत, चुलीला घालतो, म्हणाला. नीलम्मानं त्याला असं काही सुनावलं की तो कठडा बांधून होईपर्यंत त्या बाजूला फिरकला नाही. फळ्यांवर रोज एक तांब्या पाणी शिंपडायचं काम तिनं आपल्याकडे घेतलं. पाण्याची सावकारीण कुजक्या लाकडाला पाणी घालते, हे गुरुपादप्पा दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि गिऱ्हाइकं ते खोटं मानायची.

एका सकाळी गोदावरी कणीक मळत होती. परसातून नीलम्माची हाक आली, नेहमीच्या आवाजात, पाणी आलंय असं सांगावं तशी.

"वैनी, या तर हिकडं. आज लाल उगवलंय. म्हातारीच्या केसावानी हाय."

गोदावरीनं हाताची कणीक परातीच्या कडेला पुसली आणि ती तशीच बाहेर गेली.